कालचा की परवाचा

डब्याचं झाकण उघडलं, डबा नाकाशी नेला आणि सवयीने डोळे मिटले. काही नाही. भात होता, पांढरा, गार, एकमेकाला चिकटून डब्याचाच आकार घेऊन बसलेला. पण नाकाला तो नव्हताच. पाण्याचा पेला हुंगावा तसं. हा भात कालचा की परवाचा, एवढंच मला कळायला हवं होतं. फ्रीजमध्ये सकाळपर्यंत दोन डबे होते, दोन्ही एकाच दुकानातले, एकाच मापाचे, आणि त्यातला एक डबा हे दुपारी संपवून मोकळे झाले होते. हा कालचा असेल तर प्रश्नच नव्हता. परतायला कालचाच भात लागतो, ताजा घातला तर त्याचा लगदा होतो. पण परवाचा भात दिवसभर ओट्यावर राहिला होता. मी विसरले होते, आणि संध्याकाळी तो नुसता आत ढकलला होता, उद्या बघू म्हणून. बघू म्हणजे हुंगू. आमच्या घरात बघणं म्हणजे हुंगणंच. एकोणीस वर्षं मी डेअरीच्या धक्क्यावर उभी राहून दुधाचे कॅन हुंगतेय, चांगलं दूध आत आणि नासकं परत, आणि गेल्या पाच आठवड्यांत ह्या नाकाला कशाचाही वास आलेला नाही. हे घरीदारी मला एकटीला माहीत आहे.

"अगं, भात उरलाय ना?" बाहेरच्या खोलीतून ह्यांचा आवाज आला. "मग फ्राइड राइसच टाक. झटपट होईल." हे शाळेची बस चालवतात, दोन वेळा ऐंशी पोरांची कलकल ऐकून येतात, त्यामुळे घरी आले की हळू बोलायचं विसरलेले असतात. "टाकते," मी म्हणाले. आता ह्यांना बोलावून म्हणायचं का, की अहो, जरा हुंगून सांगता का? एकवीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना कधी काही हुंगायला सांगितलेलं नाही. उलट हेच मोजे, उशा, शेजारणीने दिलेली वाटी, सगळं माझ्या नाकापुढे धरत आलेत. पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी म्हणाले होते, तुमची डावीकडची दाढ किडलीय, दाखवून घ्या. दाखवली तर खरंच. ही गोष्ट ह्यांनी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलीय की ऐकणाऱ्यांना ती पाठ आहे, आणि सांगताना हे दर वेळी तोंड उघडून ती रिकामी जागा दाखवतात. असा माणूस. त्याला काय सांगायचं, भात टाकून देते, कारण मला कळत नाही? टाकून द्यायलाही कळावं लागतं. एक शीत जिभेवर ठेवलं. भातासारखंच लागलं. जिभेचा काही भरवसा नाही, ती फार उशिरा सांगते. आंबट लागेपर्यंत दूध कधीच गेलेलं असतं. बोटांनी चोळून पाहिलं तर किंचित बुळबुळीत वाटलं, पण माझी बोटंही ओली होती. डबा ओट्यावर ठेवला आणि कांदा घेतला.

कांदा डोळ्यांना कळला. नाकाला नाही, पण डोळ्यांना बरोबर झोंबला, आणि मला उगाच त्याचे आभार मानावेसे वाटले. पाच आठवड्यांत मला एवढं समजलंय, की जे झोंबतं ते अजून येतं: कांदा, मिरी, व्हिनेगर. जे नुसतं असतं ते गेलं. साबण गेला, चहा गेला, धुतलेल्या चादरी गेल्या, पाऊस पडून गेल्यावरचं अंगण गेलं, लेकीच्या जुन्या फ्रॉकची पिशवी माळ्यावर जपून ठेवलीय, ती परवा काढून तोंड खुपसून बसले होते, त्यातही नुसतं कापड होतं. लेक लांब असते, शिकते, आठवड्याला एकदा बोलते. तिच्याशी बोलून झालं की मी ती पिशवी उघडायची. आता उघडत नाही. साधा ताप आला होता, तीन दिवसांचा, सर्दीसकट. ताप गेला, सर्दी गेली, खोकलाही गेला, आणि जाताना तेवढं एक घेऊन गेले. पहिले दोन दिवस वाटलं, नाक चोंदलंय. मग कळलं, नाक अगदी मोकळं आहे, वारा सरळ आत जातोय नि बाहेर येतोय, कोणी घरी नसलेल्या घरातून जावा तसा. नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे गेले, तेही आमच्या भागातल्या नव्हे, दोन बस बदलून. त्याने विचारलं, काम काय करता? म्हटलं, काही नाही, घरीच असते. मग तो निर्धास्त झाला. म्हणाला, येईलही, नाहीही येणार, काहींचा वर्षाने येतो. तुमचं त्याच्यावाचून अडत तर नाही ना? मी म्हटलं, नाही हो, कसलं अडतंय.

गाजर बारीक चिरलं, फरसबी चिरली, कोबीची चार पानं उभी कापली, मूठभर मटार काढले. सुरीची लय लागली की डोकं आपलं आपलं चालू होतं, आणि आज नेमकं तेच नको होतं. धक्क्यावर सकाळी पाचला मी उभी राहते. समोरून पट्ट्यावर कॅन येतात, प्रत्येकावर नंबर रंगवलेला. मी झाकण उचलायचं, वाकायचं, एक श्वास घ्यायचा, आणि म्हणायचं "घे" किंवा "परत". तीन सेकंद. आत प्रयोगशाळा आहे, तिथे कोटवाल्या मुली आहेत, काचेच्या नळ्या आहेत, पण त्यांचा निकाल यायला वेळ लागतो, तोवर दूध टाकीत पडलेलं असतं. टाकीच्या आधी मी असते. लोक मला नावाने ओळखत नाहीत, नाकवाल्या ताई म्हणतात. ह्या नाकावर मी फार माज केलाय, खोटं कशाला बोलू. कोणी हुज्जत घातली की मी नुसतं त्याच्याकडे बघायची आणि पुढचं झाकण उचलायची. मग ताप उतरल्यावर मी कामावर गेले, पहिलं झाकण उचललं, वाकले, श्वास घेतला, आणि आत काहीच नव्हतं. मागे कॅनची रांग वाजत होती. मी म्हणाले, "घे." त्या दिवशी दोनशे चाळीस वेळा मी "घे" म्हणाले. सांगायला हवं होतं तेव्हाच. पण वाटलं, उद्या येईल. उद्याचं परवा झालं आणि मला एक युक्ती सापडली. दूध नाही, तर माणूस हुंगायचा. एकोणीस वर्षांत मला ठाऊक होतं, कोण कॅन धुतो आणि कोण नुसता विसळतो, कोण आदल्या दिवशीचं मिसळतो, कोण झाकण उचलताना दुसरीकडे बघतो. माणसाचा भरवसा बघून मी दूध घ्यायला लागले. आणि गंमत म्हणजे चाललं की! पाच आठवडे चाललं.

सतरा नंबर म्हणजे एक म्हातारा. बारा वर्षं आमच्याकडे दूध घालतो, चार गाई आहेत, त्याचा कॅन आतून बाहेरून असा लखलखीत की त्यात तोंड बघावं. सतरा नंबर आला की मी वाकायचीही नाही धड, नुसती वाकल्यासारखी करायची. परवा सकाळी तसंच केलं, म्हटलं, "घे." दुपारी अख्खी टाकी नासली. प्रत्येक कॅनमधून थोडं दूध बाटलीत काढून ठेवलेलं असतं, त्या बाटल्या उघडून पाहिल्या, तर सतरा नंबरची आंबलेली. काल म्हाताऱ्याच्या पुतण्याने येऊन दूध घातलं होतं, आज तो स्वतः आला, तेव्हा डेअरीचे साहेब धक्क्यावर उतरून उभे होते. साहेब वाईट माणूस नाही. म्हाताऱ्याला बाजूला घेऊन शांतपणे विचारत होते. म्हातारा म्हणाला, "साहेब, घरात गडबड होती. म्हातारी पडली, तिचं कंबरेचं हाड मोडलं, रात्रभर दवाखान्यात होतो. नातीने धार काढली. आदल्या संध्याकाळचं तिने चुकून ह्यातच ओतलं असेल. पण मग इथेच परत करायचं ना, मी घेऊन गेलो असतो." आणि मग तो माझ्याकडे वळला. भांडायला नव्हे. खरंच विचारत होता. "ताई, तुम्हाला वास नाही आला?"

कढई तापत ठेवली होती, तिच्यातून धूर निघायला लागला तेव्हा भानावर आले. तेल घातलं, लसूण टाकला. लसूण आता मी कानाने परतते. आधी तडतड जोरात असते, मग बारीक होते, ती बारीक झाली की कांदा घालायचा. घातला. मग गाजर, फरसबी, मटार, शेवटी कोबी, आच मोठी आणि हात सारखा हलता, भाजी नरम पडता कामा नये. डबा कढईवर उपडा केला. भात एकसंध पडला, धप्पकन. उलथन्याने मोडताना काही शितं सुटली नाहीत, तार धरल्यासारखी वाटली, की मलाच तसं वाटलं? दिवा मागून येतो, माझी सावली कढईवर पडते, नीट दिसत नाही. "नाही," मी म्हाताऱ्याला म्हणाले होते. "वास नव्हता. दूध चांगलं होतं." एवढंच. खोटं नव्हतं त्यात, वास नव्हताच. पण माझ्या तोंडून ते निघालं आणि साहेबांचा चेहरा बदलला. कारण माझं नाक चुकत नाही. आणि नाकाला चांगलं लागलेलं दूध जर दुपारपर्यंत टाकी नासवतं, तर त्यात नक्कीच काहीतरी घातलेलं असणार. सोडा घालतात काही लोक, नासकं दूध थोडा वेळ तग धरावं म्हणून. कोटवाली मुलगी म्हणाली, सोडा नाही सापडला सर. साहेब म्हणाले, हल्ली नवीन निघालंय काहीतरी, तपासात येत नाही, पण ताई घे म्हणाल्या म्हणजे तेव्हा ते चांगलंच होतं. सगळ्यात वाईट पुढचं. म्हातारा माझ्याकडे बघत राहिला आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर आलं, की आपल्या घरात खरंच कोणी काही घातलं तर नाही? नातीने? पुतण्याने? माझ्या एका शब्दापायी तो स्वतःच्या घरावर संशय घ्यायला लागला. नंबरांच्या फळ्यावरचा सतराचा आकडा साहेबांनी तिथेच पुसायला लावला. त्याने त्याचा कॅन उचलला, भरलेला, आणि तो तसाच घेऊन गेला. बारा वर्षांत त्याला कोणी लबाड म्हणालं नव्हतं. आज साठ माणसांच्या देखत म्हणाले, आणि ते मी म्हणाले.

सोया सॉस घातला, मिरी घातली, मीठ घातलं. मग व्हिनेगरची बाटली उचलली. एरवी चमचाभर घालते. आज ओतलं. चांगलं दोनदा बाटली उलटी केली, ती वाफ नाकात झोंबली तरी थांबले नाही, भात आंबट असेल तर तो व्हिनेगरचा आंबटपणा वाटावा म्हणून. आणि ओतता ओतता मला कळलं, मी काय करतेय ते. ज्यासाठी म्हाताऱ्याला हाकललं तेच. त्याने केलं नव्हतं, मी करत होते, स्वतःच्या नवऱ्याच्या ताटात. मला माझी किळस आली. तरी मी गॅस बंद केला, ताट घेतलं आणि वाढलं. असं का केलं, मला विचारू नका. मला वाटतं, मला बघायचं होतं, की कोणाला तरी कळतं का. कोणीतरी एकदा म्हणावं, हे खराब आहे.

हे हात धुऊन आले, ताट घेऊन खिडकीपाशी बसले. "तुझं?" "मी नंतर." मी दारात उभी राहून ह्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. गेले पाच आठवडे मी चेहरेच बघत आलेय. पहिला घास घेतला आणि ह्यांच्या कपाळावर बारीकशी आठी आली. आली, मी शपथेवर सांगते. चमचा थांबला. मी म्हटलं, आता बोला. आता बोला हो! हे बोलले, "गाजर मस्त राहिलंय कच्चंपक्कं," आणि दुसरा घास घेतला. मग तिसरा. बसमधल्या एका पोराने आज खिडकीतून बूट फेकला, त्याची गोष्ट सांगत सांगत अख्खं ताट साफ केलं, शेवटची शितं बोटाने गोळा करून खाल्ली. माझ्याने राहवेना.

"कसा झाला होता?"

"छान की. व्हिनेगर जरा सढळ हाताने पडलंय आज."

"भात कसा होता?"

हे जरा घुटमळले. "पहिल्या घासाला उगाच वाटलं, आंबूस वास येतोय का. पण म्हटलं, तू घातलायस म्हणजे हुंगूनच घातला असणार. माझंच नाक भरलंय, दिवसभर डिझेल."

"मग टाकायचा ना. सांगायचं ना मला!"

"तुला?" हे हसले. "आता मी तुला वास शिकवू? नाकाने कांदे सोलू?"

मी ह्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगितलं. ताप गेल्यापासून मला वास येत नाही. कसलाच नाही. तो भात बहुतेक परवाचा होता. म्हाताऱ्याचं दूध नासकंच होतं, त्याने काही घातलं नव्हतं, मला कळलं नाही. मी पाच आठवडे खोटं वाकतेय. हे ऐकत होते, चेहऱ्यावर काळजी होती, पण चुकीच्या जागची. माझ्या कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून. "तू त्या म्हाताऱ्याचं फार मनाला लावून घेतलंस," हे म्हणाले. "माणूस बदलतो गं. घरात आजारपण आलं की चांगला माणूसही वाकडं पाऊल टाकतो. त्यात तुझा काय दोष?" मी म्हटलं, "अहो, मला तुमचा वास येत नाही. तुम्ही घरात येता ते मला बघून कळतं. इतकी वर्षं तुम्ही जिन्यात असताना कळायचं." ह्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं, पोचलं. मग माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणाले, "म्हातारे झालो आता. कोणाला कोणाचा वास येतो?" आणि ताट घेऊन मोरीकडे गेले.

मग मी साहेबांना फोन केला. धीर गोळा करत बसले असते तर झाला नसता, म्हणून ओल्या हातांनीच केला. एका दमात सांगून टाकलं: सतरा नंबरची चूक नाही, माझी आहे, मला वास येत नाही, त्यांचा आकडा परत लिहा, मला काढलंत तरी चालेल. पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला. साहेब बोलले ते फार मायेने. "ताई, मला वाटलंच होतं तुमचा फोन येणार. सकाळी तुमचा चेहरा बघितला होता मी. तुमचं मन मोठं आहे. पण स्वतःच्या अंगावर कशाला घेता?"

"साहेब, खरंच येत नाही. देवाशप्पथ."

"आणि गेल्या आठवड्यात त्या भांडकुदळाचा कॅन परत पाठवलात तो? तो माझ्याकडे आला होता तक्रार घेऊन. मी स्वतः हुंगलं ते दूध. स्पष्ट येत होता वास. मला आला, त्यालाही आला शेवटी. मग तुम्हाला न येता कसा परत पाठवलात?"

तो कॅन मी उगाच परत पाठवला होता. दोन दिवस एकही परत गेला नव्हता, लोकांना शंका येईल म्हणून एक पाठवायचाच होता, आणि ह्या माणसाशी माझं पटत नाही म्हणून त्याचा पाठवला. ते दूध चांगलं असणार, माणूस तोंडाचा फाटका असला तरी दुधाचा स्वच्छ आहे. मी "परत" म्हणाले, आणि चांगल्या दुधाला वास आला. साहेबांना आला, दुधाच्या मालकाला आला. हे मी साहेबांना सांगायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, की ते ह्यावरही विश्वास ठेवणार नाहीत. स्वतःच्या नाकाला आलेला वास खोटा होता, हे कोण कबूल करेल? तरी मी म्हणाले, "साहेब, ते दूध..."

"आराम करा तुम्ही," साहेब म्हणाले. "आणि उद्या जरा वेळेवर या. सतरा नंबरवर नवीन माणूस घेतोय, त्याचं पहिलं दूध तुम्हीच बघा. तुम्ही घे म्हणालात की मला घोर नाही."

फोन बंद झाला. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि रडू येईल म्हणून वाट पाहिली. आलं नाही. आला तो सुटकेचा श्वास, खोल, पोटातून, परीक्षेत न वाचता पास झाल्यासारखा, आणि तो मीच सोडलाय हे मला नीट ऐकू आलं. सांगून झालं होतं आणि माझं काहीच गेलं नव्हतं. नोकरी होती, मान होता, नाक होतं. दवाखान्यात म्हातारीच्या उशाशी बसून तो माणूस कदाचित आत्ता नातीला पुन्हा पुन्हा विचारत असेल, खरं सांग, त्यात काय टाकलंस, आणि ती पोर रडत असेल. मला ते दिसत होतं. आणि तरीही, लाज वाटते सांगायला, मला बरं वाटत होतं.

"काय म्हणाले साहेब?" ह्यांनी मोरीतून विचारलं.

"उद्या वेळेवर या म्हणाले."

"मग?"

"मग काय," मी म्हणाले, "जाते."